‘पैसा वसूल’ या निकषाची चिकित्सा : व्हिडिओ गेम यंत्रे आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील ग्राहक

खरेदीच्या वेळी ग्राहक पैशाच्या मोबदल्याचा विचार कसा करतो, हा वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील संशोधनाचा नित्याचा विषय आहे. महाविद्यालयीन पातळीवरील प्रबंधांत या विषयाची मांडणी बहुधा एकाच साच्यात होते. प्रथम ‘अनुभूत मूल्य’ ही संकल्पना उद्धृत केली जाते, नंतर पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवर उत्तरदात्यांची मते घेतली जातात आणि ग्राहक ‘किंमत-संवेदनशील’ असल्याचा निष्कर्ष काढला जातो. (हा निष्कर्ष चुकीचा ठरल्याचे उदाहरण विरळाच.) ज्या वस्तूसाठी ही संकल्पना वापरली जाते ती वस्तू त्या साच्यात मुळात बसते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. व्हिडिओ गेम खेळण्याची यंत्रे आणि चंद्रपूर व गडचिरोली हे वनबहुल जिल्हे एकत्र ठेवून पाहिल्यास हा प्रश्न टाळता येत नाही.

संकल्पनेचा उगम तपासणे येथे उपयुक्त ठरेल. व्हॅलरी झाइथामल यांनी १९८८ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ग्राहकाच्या मूल्यविषयक चार धारणा नोंदविल्या : मूल्य म्हणजे कमी किंमत, मूल्य म्हणजे वस्तूकडून जे हवे ते, मूल्य म्हणजे दिलेल्या किमतीत मिळणारी गुणवत्ता, आणि मूल्य म्हणजे दिलेल्या सर्व गोष्टींच्या बदल्यात मिळालेल्या सर्व गोष्टी. हा विचार मौलिक आहे, यात शंका नाही. तथापि त्याचा आधार अमेरिकेतील ग्राहकांशी पेयपदार्थांविषयी झालेली चर्चा हा होता. पेय विकत घेतले, प्राशन केले, की व्यवहार संपतो. खेळाच्या यंत्राचे तसे नाही. ते एकटे काहीच करीत नाही. त्याला दूरचित्रवाणी संच लागतो, वीज लागते, खेळांची कार्ट्रिज किंवा तबकडी लागते, आणि बहुतेक वेळा दुसरा खेळाडूही लागतो. पैसे देणारा पालक असतो आणि खेळणारा पाल्य; म्हणजे ‘देणे’ एकाचे आणि ‘मिळणे’ दुसऱ्याचे. एकाच ग्राहकाच्या मनातील तराजू गृहीत धरणारी मांडणी येथे पहिल्याच पायरीवर अडखळते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्ही जिल्हे वनांचे असले तरी त्यांतील मिळकतीचा ताल वेगळा आहे. दुर्गापूरचे वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळसा खाणींच्या वसाहती यांमुळे चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्यात दरमहा पगाराची शाश्वती निर्माण झाली. गडचिरोलीच्या मोठ्या भागात मात्र रोख रक्कम हंगामी. उन्हाळ्यातील तेंदूपत्ता, बांबू आणि धानाचे पीक यांवर ती अवलंबून. वडसा हे दीर्घकाळ त्या जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक राहिले. अशा ठिकाणी वस्तूच्या छापील किमतीत प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि नादुरुस्त यंत्र परत नेण्याची यातायात हे सारे अदृश्यपणे मिळविलेले असते.

निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ १९८३ मध्ये जपानमध्ये आला. भारतीय घरांत मात्र त्याच्या नकला आल्या. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली जाणारी ही यंत्रे १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांतील दूरचित्रवाणी संचाशेजारी विराजमान झाली. समीक्षकांनी त्यांची बोळवण ‘स्वस्त नक्कल’ या दोन शब्दांत केली आहे. हे मूल्यमापन अपुरे आहे. या नकलांपैकी बहुतेकींची खाच मूळ जपानी यंत्राप्रमाणे साठ पिनांची होती. परिणामी एका नावाच्या यंत्रातील कार्ट्रिज दुसऱ्या नावाच्या यंत्रात चालत असे. नागपूरहून कुणी आणलेले एक कार्ट्रिज संपूर्ण वसाहतीत फिरू शकत होते. शेजाऱ्याकडून विरजण मागून आणावे तितक्या सहजतेने खेळ मागून आणता येत होता. तेव्हा यंत्राचे मोल त्याच्या पेटीत जेवढे होते, तेवढेच ते शेजारच्या घरांतही होते. असेच यंत्र इतरांकडे असणे हा गुण कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदविला जात नाही. ग्राहकाने मात्र तो अचूक हेरला होता.

याचा अर्थ ग्राहक फसत नव्हता असा नाही. कार्ट्रिजवरील ‘९९९९ इन १’ हे लेबल त्याचा ठळक पुरावा होय. प्रत्यक्षात अशा कार्ट्रिजमध्ये मोजके खेळ असत. उरलेली यादी त्याच खेळांची. कुठे नाव बदललेले, कुठे दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात. किंमत भागिले खेळांची संख्या, हा हिशेब लेबलाने ग्राहकाच्या हाती आयता दिला आणि ग्राहकाने तो प्रथमतः स्वीकारला. पण तो पहिल्या खरेदीपुरताच टिके. पुढच्या वेळी दुकानात कार्ट्रिज चालवून पाहण्याचा आग्रह धरला जाई, वेगळे खेळ किती हे यादी खाली सरकवत मोजले जाई. मूल्यबोध ही खरेदीच्या क्षणी गोठलेली मनोवस्था नसून वापरातून घडणारे ज्ञान आहे, हे येथे दिसते. एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली हे ज्ञान टिपू शकत नाही. ती फार तर लेबलाचा प्रभाव मोजते.

विजेचा मुद्दा अधिक बोलका आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात तीव्र भारनियमन होते. त्या वेळी दुर्गापूर केंद्राची स्थापित क्षमता २,३४० मेगावॅट होती. तरीही केंद्राच्या चिमण्या दिसणाऱ्या परिसरातील गावे अंधारात राहत, हा विरोधाभास या जिल्ह्यात सर्वज्ञात आहे. बहुखेळी कार्ट्रिजांमध्ये साधारणतः खेळ जतन करण्याची सोय नसे. वीज गेली की सातव्या टप्प्यावरचा खेळाडू पुन्हा पहिल्यावर. अशा परिस्थितीत जत्रेत मिळणारा, ठोकळे रचण्याचा हातातला ‘ब्रिक गेम’ अधिक शहाणपणाची खरेदी ठरतो. त्याचा पडदा करड्या ठिपक्यांचा असला तरी तो पेन्सिल सेलवर चालतो. तांत्रिक क्षमतेच्या क्रमवारीत सर्वांत खालचे यंत्र उपयुक्ततेच्या क्रमवारीत वर येते. अर्थात सेलचा आवर्ती खर्च असतोच, आणि तो कोण करणार यावरून घरोघरी वाद.

रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये मांडलेला ‘व्यवहार-उपयोगिते’चा विचार येथे जोडून पाहता येईल. मनातील संदर्भ-किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांतील फरकातून ‘सौदा चांगला झाला’ ही भावना निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परंतु जेथे त्या वस्तूचे दुसरे दुकानच नाही, तेथे संदर्भ-किंमत येणार कोठून? ती अन्य वस्तूंवरून येते : सायकल, मिक्सर, हंगामाची मजुरी. सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ (२०००) डीव्हीडी चित्रपटही दाखवीत असल्याने त्याची तुलना डीव्हीडी प्लेअरशी होऊ शकली आणि घरातील मोठ्यांची संमती मिळविणे सोपे झाले. ‘चिप बसवली आहे काय’ हा त्या काळातील ग्राहकाचा प्रश्न अर्थातच बनावट तबकड्यांसाठी होता. तो कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय नाही. पण यंत्रापेक्षा खेळांचा खर्च मोठा, ही जाणीव त्यात स्पष्ट होती.

ही जाणीव आजही कालबाह्य नाही. २ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘प्लेस्टेशन ५’ भारतात आले, तेव्हा तबकडीच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये आणि तबकडीविना ‘डिजिटल’ आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. सोनीचे काही नवे खेळ ४,९९९ रुपयांना होते. म्हणजे दहा खेळांत दुसरे यंत्र. दहा हजार रुपयांची बचत कागदावर आकर्षक दिसते. परंतु डिजिटल आवृत्तीवरील खेळ मित्राला हातोहात देता येत नाही, विकता येत नाही, आणि प्रचंड आकाराचा प्रत्येक खेळ उतरवून घेण्यासाठी भक्कम इंटरनेट जोडणी लागते. अहेरी वा भामरागडसारख्या ठिकाणाहून विचार केला तर दोन-चार खेळांच्या देवाणघेवाणीतच ही बचत संपते. ‘किंमत-संवेदनशील’ या शिक्क्यानुसार येथील ग्राहकाने स्वस्त आवृत्ती निवडली पाहिजे. तो महाग आवृत्ती निवडतो, तेव्हा शिक्काच तपासावा लागतो.

या दोन जिल्ह्यांत खेळाचे सर्वाधिक प्रसृत यंत्र आता मोबाइल हेच आहे, आणि ते खेळाचे यंत्र म्हणून विकत घेतलेच जात नाही. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी म्हणून कित्येक घरांत फोन आला. पालकाने पाहिली ती किंमत आणि बॅटरी; पाल्याने आग्रह धरला तो रॅमचा. दोघांच्या दृष्टीने मोबदल्याचा हिशेब चोख होता, पण हिशेब दोन होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली. पालकाच्या हिशेबात त्या दिवशी फोनचे मोल तिळभरही घटले नाही. पाल्याच्या हिशेबात ते एका संध्याकाळी निम्म्यावर आले. आणि बाजारात फोनची किंमत होती तेवढीच राहिली.