‘शिवकल्याण राजा’ : ध्वनिमुद्रिकेच्या एकत्वाचा प्रश्न

शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ साली, निघालेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेचा विचार बहुधा सुट्या गीतांच्या अंगाने होतो. हृदयनाथ मंगेशकरांची स्वररचना व लता मंगेशकरांचे गायन यांची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु सबंध मुद्रिका ही एक कलाकृती होय काय, हा प्रश्न बाजूस राहतो. माझ्या मते ती एक कलाकृती आहे, आणि तिचे एकत्व वाद्यमेळापेक्षा बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनात आहे.

तुलनेसाठी ‘मूडी ब्लूज’ या इंग्रज संचाची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ (१९६७) घ्यावी. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस हा तिचा विषय. पीटर नाइट यांनी वाद्यवृंदासाठी रचलेले भाग गीतांना सांधतात. संच आणि वाद्यवृंद मात्र बहुतांशी आळीपाळीने वाजतात. पद्यपठण येते ते आरंभी व अखेरीस. तेथे सांध्याचे काम सुरांवर सोपविता आले, कारण गीतांची भाषा मुळात एकच होती.

येथील अडचण निराळी. रामदास (ते आपल्या जांबचे), भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज : तीन शतकांची भाषा एका तबकडीवर आणावयाची. ‘निश्चयाचा महामेरू’ची सुरुवात क्रियापदावाचून होते, नुसती बिरुदांची रास. भूषणाचे ‘इंद्र जिमि जंभ पर’ हे ब्रजभाषेतील मनहर कवित्त. त्याच्या पहिल्या चरणाचे ३१ वर्ण ८, ८, ८ आणि ७ असे विभागतात. पहिले तीन गट ‘पर’वर थांबतात, चौथा एका वर्णाने तोकडा पडतो आणि कानाला तेथेच विसावा मिळतो. उपमांची माळ लांबत जाते व ज्याच्यासाठी ती गुंफली, त्या शिवरायाचे नाव कवित्ताच्या अखेरीस येते. ब्रज न जाणणाऱ्या श्रोत्यालाही ही घडण कानाने कळते. कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे’ची भाषा याहून सर्वस्वी वेगळी, तेथे क्रियापदच धावते.

या टोकांमध्ये पुरंदऱ्यांचे गद्य उभे आहे. त्याला बखरीचे वळण आहे, परंतु ते आजच्या श्रोत्याला अडत नाही; म्हणून सतराव्या शतकातून विसाव्यात येताना ठेच लागत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत त्याला उभयान्वयी म्हणावे. गोविंदाग्रजांच्या अंगाईशेजारी मात्र हा भारदस्त स्वर मला अवजड वाटतो.

आज ही गीते बहुधा निवेदनावाचून, एकेक करून ऐकली जातात. अभ्यासकाने गीतांच्या संहितेबरोबर निवेदनाचीही संहिता उतरवून घ्यावी आणि दोन्ही मूळ क्रमानेच वाचावीत.