आलेख ऐकू येतो का?

यानिस झेनाकिसची ‘मेटास्टॅसिस’ (१९५३-५४) आधी ऐका, तिचा आलेख नंतर बघा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. प्रत्येक तिरकी सरळ रेघ म्हणजे एका तंतुवाद्याची मींड. अशा रेघा जवळजवळ आल्या की कागदावर वक्र पृष्ठभाग दिसतो. सरळ रेघांतून वक्र घडवायची हीच कल्पना १९५८च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स पॅव्हिलियनच्या भिंतींत आली. तेव्हा झेनाकिस ल कॉर्बुझिएकडे काम करत होता.

आता सांगा, तो वक्र तुम्हाला ऐकू आला? मला नाही आला. डोळा सगळ्या रेघा एकदम बघतो, कानाला त्या क्षणाक्षणाने मिळतात. शिवाय उभा अक्ष सुरांचा आहे. तिथे फ्रिक्वेन्सी मांडली तर तीच सरळ रेघ वाकते. म्हणजे ‘सरळ’सुद्धा मोजपट्टीवर ठरतं.

रचना फसली असं मी म्हणत नाही, ती जबरदस्तच आहे. पण ‘गणिताने चित्राचं संगीत केलं’ असं प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी दोन ओळी लिहा: या रूपांतरात काय टिकलं आणि काय हरवलं. दुसरी ओळ सुचत नसेल, तर विषय अजून हाती आलेला नाही.