स्वयंपाकघरातलं धर्मांतर

रत्नागिरीत नुसतं ‘टिळक’ म्हटलं की लोकमान्य. त्यांचं जन्मघर आम्हाला शाळेतून रांगेने नेऊन दाखवलं होतं. याच जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेले दुसरे टिळक, नारायण वामन, मात्र कवितेपुरते भेटले. त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ होतं. रावसाहेब-रावबहादुरासारखी ती काहीतरी सरकारी पदवी असावी, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. वर्गात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

त्यांच्या पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मी सलग वाचलं ते आता, अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि तेही मोठ्याने. आजीला बारीक अक्षर दिसेनासं झालंय. माझं कंपनीचं काम घरूनच चालतं, त्यामुळे दिवेलागणीनंतर लॅपटॉप मिटून तासभर वाचन असा नेम पावसाळ्यात पडला. पुस्तक तिनेच निवडलं. तिने ते लग्नाआधी वाचलं होतं आणि त्यातल्या गमती तिला अजून आठवत होत्या. मी गमतींसाठी सुरुवात केली आणि भलत्याच प्रश्नात अडकलो. माणूस आतून बदलतो, असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं?

ख्रिस्ती धर्माचा हा मुळातला प्रश्न. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात दगडासारखं झालेलं हृदय काढून त्या जागी जिवंत हृदय घालण्याचं आश्वासन देव देतो. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा विद्वान रात्री गुपचूप येशूकडे येतो, तेव्हा त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल असं ऐकावं लागतं. त्यावर तो म्हातारा माणूस पुन्हा जन्मणार कसा, अशी अगदी इंजिनिअरी शंका काढतो. मला हा निकदेम फार जवळचा वाटतो. ख्रिस्ती विचार असा आहे की नियम पाळून पाळून माणूस नवा होत नाही. नवं करणं हे देवाचं काम, ते आत होतं आणि वागणं त्याच्या मागून येतं. ऐकायला हे सुंदर आहे. पण श्रद्धा नसलेल्या माणसाला त्याची पडताळणी करायची सोय नसते. आत काय झालं, ते ज्याचं तोच सांगणार.

म्हणून त्या धर्मात ‘साक्ष’ देण्याची रीत आली, आणि साक्षीचा एक साचाही तयार झाला. आधी अंधार, मग एक क्षण, मग उजेड. मराठीत बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला नावच ‘अरुणोदय’ दिलं. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारा हा मोठा लेखक. पण असं शीर्षक दिलं की वाचकाला शेवट आधीच कळतो. सूर्य उगवणार आहे, आपण फक्त पूर्वेकडे तोंड करून बसायचं.

‘स्मृतिचित्रे’त असा सूर्योदय नाही. 1934 ते 1937 या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक (शेवटचा भाग येईपर्यंत लक्ष्मीबाई हयात नव्हत्या) एका धर्मांतराभोवती फिरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची स्तुती मात्र बहुतेक वेळा विनोद, साधेपणा आणि संसाराच्या चित्रणासाठी होते. ते खरंच आहे. पण या स्तुतीमुळे धर्म बाजूला पडतो. टिळक विक्षिप्त होते, बाई सोशिक आणि खट्याळ होत्या, मधे धर्म बदलण्याची एक भानगड झाली, पुढे सगळं गोड झालं, अशा थाटात आपण ते वाचतो. आजीच्या आठवणीतलं पुस्तक असंच होतं. मला वाटतं, आपण उलटं वाचतोय. हे पुस्तक सुरुवातीपासून एकाच गोष्टीबद्दल आहे: शुद्ध कशाने होतात?

सुरुवातच पाहा. आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीत फाशी झालेली, आणि त्याचा धसका घेतलेल्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. बाजारातून आलेलं सामान धुऊन घ्यायचं, मुलाबाळांना धुऊन घ्यायचं, स्पर्शाची धास्ती दिवसभर. लक्ष्मीबाई हे इतक्या गमतीने सांगतात की आजीला हसता हसता ठसका लागला. पण त्या घरावर एक फाशी टांगलेली आहे, हे विसरू नये. हा माणूस भ्यालाय. आत जे झालंय ते त्याला बाहेरून धुऊन काढायचंय आणि ते निघत नाहीये. मार्काच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय मला इथे आठवत राहिला. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून शास्त्री तक्रार करतात आणि येशू त्यांना सांगतो की बाहेरून पोटात जाणारं माणसाला विटाळत नाही, मनातून बाहेर येतं ते विटाळतं. या लेकीचा पुढचा सगळा प्रवास या एका वादाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झालेला आहे.

टिळकांचा बदल तसा साच्यात बसणारा. 1893 च्या सुमारास आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, नवा करार हातात ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून उतरतो. टिळक वाचू लागतात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळतात, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतात. सिनेमा काढावा अशी गोष्ट. पण कॅमेरा लक्ष्मीबाईंकडे आहे, आणि त्यांच्यासाठी ही गोष्ट म्हणजे नवरा जिवंत असताना तुटलेला संसार. पदरात लहान मूल. नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं, त्यातली काही पंढरपुरात. नवऱ्याच्या हृदयपरिवर्तनाची किंमत बायको भरते, हे पुस्तकात कुठेही घोषणा न करता लिहिलेलं आहे.

पुढे त्या नवऱ्याकडे परत येतात. आल्या तरी धर्म आपला, चूल आपली, पाणी आपलं. एका संसारात दोन स्वयंपाकघरं. माझ्या मते मराठी गद्यातल्या सगळ्यात धीट पानांपैकी ही पानं आहेत, कारण इथे श्रद्धेचा प्रश्न सिद्धांतात न मांडता पाणी कोण भरणार यात मांडलाय. कोण भरणार, कुणाची सावली पडणार, भांडं कुठे ठेवायचं. टिळकांनी कितीही कळकळीने समजावलं असतं तरी त्या घागरीला धक्का लागला नसता.

आणि मग एक दिवस त्यांच्या डोक्यात विचार सुरू होतो. या जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांच्या जातींत दिसतो तसा काही फरक माणसांत दिसला असता. तो तर दिसत नाही. विचाराची ही वाट त्या एकट्याच चालतात आणि चालून झाल्यावर सोवळं सोडतात. समोर पाद्री नाही, प्रार्थनासभा नाही, डोळ्यांपुढे प्रकाश नाही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख सगळ्यांना पाठ असते. काम मात्र त्याआधी कित्येक महिने रात्री-अपरात्री झालेलं असतं आणि ते कुणालाच आठवत नाही. लक्ष्मीबाईंना ते आठवतं. तारखेला त्या फारसा भाव देत नाहीत.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही हेच दिसतं, फक्त उलट्या क्रमाने. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये 1883 साली झाला. पण 1907 साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वच्छ कबूल करतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं गेली. एकीचं पाणी आधी बदललं, दुसरीचं नाव आधी बदललं. दोघींच्याही बाबतीत चर्चच्या वहीतली नोंद आणि मनातली नोंद एका दिवसाची नाही.

आता हा बदल देवाने केला की लक्ष्मीबाईंनी स्वतः? मी श्रद्धाळू नाही, त्यामुळे माझं झुकतं माप त्यांच्या बुद्धीला. जातीबद्दलची त्यांची शंका ही सरळ तर्काची शंका आहे आणि तिचं श्रेय त्यांनाच दिलं पाहिजे. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. तर्क मलाही येतो. जात माणसाने केली, हे मला सातवीपासून तोंडपाठ आहे, त्यावर वक्तृत्व स्पर्धेत मी बक्षीसही घेतलंय. त्यांनी तोच विचार केला आणि त्यांचा हात पाण्याकडे गेला. विचार आणि हात यांच्यामध्ये काय घडलं, ते पुस्तक सांगत नाही. ख्रिस्ती वाचक त्या जागेला कृपा म्हणेल. माझ्याकडे त्या जागेसाठी शब्द नाही, आणि नसलेला शब्द घालून ती जागा बुजवावी असंही मला वाटत नाही.

खुद्द टिळकांकडे पाहिलं की प्रश्न आणखी अवघड होतो. हा माणूस आतून बदलला, यात शंका घेता येत नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा, ख्रिस्ताला अभंगांत आणणारा, 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघालेला. पण लक्ष्मीबाईंनी त्यांचा संताप लपवलेला नाही. बाप्तिस्म्याआधीचे टिळक तडकाफडकी, नंतरचेही तडकाफडकीच. हातातले पैसे समोरच्याला देऊन मोकळे होणारे आणि घरी चूल कशी पेटणार हे न विचारणारे. एखाद्या प्रचारी पुस्तकात राग ‘आधी’च्या रकान्यात गेला असता. इथे तो शेवटपर्यंत घरात राहतो, आणि त्या रागावर हसण्याची ताकद बायकोत येते. नवं हृदय मिळालेल्या माणसाचा स्वभाव जुनाच राहू शकतो, हे इतक्या प्रेमाने आणि इतक्या निर्दयपणे सांगणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. विनोद हा या पुस्तकाचा अलंकार आहे असं म्हणतात. मला तो त्यातला सगळ्यात धार्मिक भाग वाटला. स्वतःच्या सोवळ्यावर हसता येणं, हाच मला दिसलेला बदलाचा एकमेव पुरावा.

तक्रारही आहे. लक्ष्मीबाईंनी ज्यांच्या हातचं पाणी घेतलं, त्यांना त्या क्षणी काय वाटलं? नगरकडच्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार-मांग घरांतून आलेले. पुस्तकात ते येतात, माणसं म्हणून येतात, पण बोलतात थोडं. विटाळ सुटण्याची गोष्ट आपण विटाळ पाळणाऱ्याच्या बाजूनेच ऐकतो. रत्नागिरीतही तेच आहे. 1931 साली उघडलेल्या पतितपावन मंदिराची गोष्ट आम्ही मंदिर उघडणाऱ्यांच्या नावांनी सांगतो. आत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत.

हे मी चढ्या आवाजात लिहितोय, तर एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या पडवीत कोनाड्यात एक स्टीलचा पेला आणि एक कानतुटकी कपबशी असते. कलमांच्या कामाला येणाऱ्या गड्यांसाठी. ती वेगळी का, हे लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि मोठेपणी सांगायची गरज उरली नाही. पुण्याला हॉस्टेलात राहिलो, सगळ्यांच्या ताटात जेवलो, आपण यातून बाहेर पडलो असं समजत होतो. गेल्या मे महिन्यात आंबे उतरवायला आलेल्या माणसाला चहा द्यायची वेळ आली. आजी झोपलेली, आई बाहेर. मी चहा केला आणि कोनाड्यातली कपबशी धुऊन त्यात ओतला. स्वच्छ धुतली, हेही आठवतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. तो निघून गेल्यावर तासाभराने मला कळलं की आपण काय केलं.

जातींबद्दलचं ते पान आलं तेव्हा मी आजीकडे न बघता वाचत राहिलो. ती काही बोलली नाही. पान संपल्यावर मी थांबलो, तर म्हणाली, “तिच्या बापाचं ते धुणं परत एकदा वाच रे.” मी मागे जाऊन वाचलं. या वेळी ती हसली नाही. तिने विचारलं, “एवढं भ्यायला काय झालं होतं त्याला?” मी फाशीची गोष्ट पुन्हा सांगितली. मग वीज गेली, आणि त्या दिवशीचं वाचन तिथेच राहिलं.

कोनाड्यातली कपबशी अजून आहे. आम्ही तिसऱ्या भागापर्यंत आलोय.