स्वतंत्र प्रकाशन आणि ग्रंथपरिचयाचे निकष

प्रस्थापित प्रकाशनसंस्थांबाहेर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या पुस्तकांचा परिचय करून देताना, भिन्न वाङ्मयप्रकारांतील लेखन ‘स्वतंत्र लेखकांची पुस्तके’ या एकाच वर्गात ठेवले जाते. प्रकाशनाची रीत हा मात्र वाङ्मयप्रकार नव्हे.

या संदर्भात अरुण कोलटकरांचे उदाहरण उद्बोधक आहे. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि कोलटकर या कवींनी मुंबईत सहकारी तत्त्वावर चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाऊस’ने १९७६ मध्ये इंग्रजी ‘जेजुरी’ प्रसिद्ध केली. १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने मराठी ‘भिजकी वही’ (२००३) व इंग्रजी ‘सर्प सत्र’ (२००४) काढली.

‘जेजुरी’ ही एका यात्रेभोवती गुंफलेली कवितामालिका आहे. ‘भिजकी वही’ विविध संस्कृतींतील शोकमग्न स्त्रियांना एकत्र आणते. ‘सर्प सत्र’ हे जनमेजयाच्या यज्ञावरील कथाकाव्य आहे. पहिलीचा विचार भक्तिपरंपरेच्या, तर तिसरीचा महाभारताच्या पुनर्कथनांच्या संदर्भात करावा लागतो. प्रकाशनाचे साम्य हे भेद उलगडू शकत नाही.

तरीही प्रकाशनाचा इतिहास गौण ठरत नाही. दोन भाषांत एकाच वेळी वावरणाऱ्या कवीला सामावून घेणारी जागा अशा छोट्या संस्थांनीच निर्माण केली. म्हणून परिचयकाराने ग्रंथ कोणत्या व्यवस्थेतून आला हे नोंदवावे. त्याचे मूल्यमापन मात्र त्याच्या वाङ्मयप्रकाराच्या व परंपरेच्या कसोटीवरच करावे. सहानुभूतीपोटी दिलेली सवलत अशा लेखनाला गंभीर समीक्षेपासून वंचितच ठेवते.