‘लाइन’ : एका उसन्या शब्दाचे अर्थ

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते मिळतात. तेथील बोलण्यात ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द सहज अनेक अर्थांनी येतो. वाहनांची लाइन लागते, वीज गेली की लाइन गेली असे म्हणतात, दूरध्वनीची लाइन लागत नाही, आणि एखादा धंदा सोडून दुसरा धरणारा ‘लाइन बदलतो’. इंग्रजीत या सर्वांच्या तळाशी जवसाच्या धाग्याची, लॅटिन ‘लिनिआ’ची, कल्पना आहे, मराठी बोलणाराच्या मनात तिचा मागमूसही नाही.

मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा, मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ची. यांतील बहुतेक अर्थ रूळ, तारा आणि वीज यांच्यामागून आले. तेव्हा त्या कोशाला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो अद्यापही ‘रेषा, ओळ, रांग’ एवढे प्रतिशब्द मांडून थांबण्याच्या पद्धतीत. कवितेची ओळ ओळच राहिली, गवंड्याचा ओळंबाही ढळला नाही. रांगेच्या शेजारी मात्र ‘लाइन’ने बिऱ्हाड थाटले. ही निवड मराठीची आहे आणि प्रतिशब्दांच्या यादीतून ती दिसत नाही.

एकाच उच्चाराचे हे निरनिराळे शब्द मानावेत काय? लिंग पाहावे. रेषा, ओळ, रांग, तार, वीज सर्व स्त्रीलिंगी. ‘लाइन’ही तशीच, अनेकवचन ‘लाइनी’. परंतु धंदा पुल्लिंगी असूनही त्या अर्थाची ‘लाइन’ स्त्रीलिंगीच राहते. हा अर्थ स्वतंत्रपणे आला नसून आधीच रुळलेल्या शब्दाला मागाहून जडला असावा, असे मानण्यास येथे आधार मिळतो.