२४ पैकी २२, पण हे २४ कोण?

अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की पहिल्याच पानावर एखादी मोठी टक्केवारी टाकायचा मोह होतो. ती टाकण्याआधी एक जुना पेपर नीट वाचून बघा. मार्च २०१० मध्ये 'जापी'त, म्हणजे असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या जर्नलमध्ये, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधून पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचं काम छापून आलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळातले, कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू त्यांनी तपासले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं.

एनडीएम-१ हे मेरोपेनेमसारखं औषध तोडून टाकणारं एन्झाइम. त्याचा जीन प्लाझ्मिडवर असतो, त्यामुळे क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे सहज जातो. लॅन्सेटवाला गाजलेला पेपर यायला तेव्हा अजून पाच महिने होते. आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच जर्नलमध्ये ही गोष्ट आधी नोंदवली गेली, याचं मोल मला मोठं वाटतं.

आता आकडा बघा. २२ भागिले २४, जवळपास ९२ टक्के. पण हे २४ जंतू आधीच गाळून घेतलेले आहेत. त्यामुळे '९२ टक्के' याचा अर्थ एवढाच, की जे कार्बापेनेमला दाद देत नव्हते त्यांच्यात एनडीएम-१ हेच मुख्य कारण होतं. वॉर्डातल्या इन्फेक्शनपैकी किती टक्के असे होते, हे या अपूर्णांकातून निघतच नाही. शिवाय २४ मध्ये एक जंतू इकडचा तिकडे झाला की चार टक्के हलतात.

लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमधला ऑगस्ट २०१० चा पेपर शेजारी ठेवला की हे लख्ख दिसतं. तिथे चेन्नईत ३५२१ जंतूंपैकी ४४ मध्ये एनडीएम-१ होतं, साधारण १ टक्का. हरियाणात १९८ पैकी २६, म्हणजे १३ टक्के. जीन एकच, पण ९२, १ आणि १३ असे तीन आकडे! मुंबईचा छेद वेगळा होता, हे कळलं. पण चेन्नई-हरियाणाचं काय? त्याच पेपरात एक ओळ आहे जी बरेच जण वगळून पुढे जातात: हरियाणातले क्लेबसिएला एकाच वंशाचे होते, चेन्नईतले वेगवेगळ्या. म्हणजे हरियाणात एकच जंतू पेशंटकडून पेशंटकडे गेला असण्याची शक्यता मोठी. तिथे औषधाइतकाच हात धुण्याचाही प्रश्न आहे.

यात नुसता गणिताचा काथ्याकूट नाही. ९२ टक्के खरे मानून कोणी सरसकट कोलिस्टिन सुरू केलं, तर पेशंटच्या किडनीवर ताण येतो आणि शेवटच्या फळीतलं औषधही झिजतं. उलट १ टक्का धरून गाफील राहिलं, तर सेप्सिसच्या पेशंटचे पहिले दोन दिवस चुकीच्या औषधात जातात.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. ॲडमिट झाल्यावर ४८ तासांनंतर उद्भवलेलं इन्फेक्शन ते हॉस्पिटलचं, असा ढोबळ नियम आपण वापरतो. पण भातकुलीचा पेशंट अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा तो बरेचदा आधी कुठेतरी दोन-तीन दिवस सलाईनवर राहिलेला असतो, एखादं इंजेक्शनही झालेलं असतं. पहिल्याच दिवशी त्याचा नमुना घेतला तर नियमाप्रमाणे तो 'बाहेरचा' ठरतो. खरं तर तो जंतू दुसऱ्याच दवाखान्यातला असू शकतो.

म्हणून एक्सेल शीटमध्ये ॲडमिशनच्या तारखेशेजारी दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा: आधीचा दवाखाना, आणि आधी घेतलेलं औषध. एकाच पेशंटचे दोन नमुने आले तर पहिलाच मोजा. सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन ही माहिती काढायची म्हटलं, तर निम्म्या केसपेपरवर ती लिहिलेलीच नसते.