तज्ज्ञपरीक्षण आणि मुक्त वैज्ञानिक आज्ञावली : 'पायएसपीएच'च्या निमित्ताने

शोधनिबंधाचे परीक्षण झाले की त्यामागील संगणकीय आज्ञावलीचेही झाले, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः परीक्षक पुष्कळदा निबंध वाचतो. आज्ञावली चालवून पाहत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार 'पायएसपीएच' या मुक्त प्रणालीच्या आधारे करावयाचा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. प्रभू रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली.

द्रवाला कणांचा समूह मानून त्याची गती मोजण्याची ही पद्धत १९७७ मध्ये खगोलभौतिकीसाठी मांडली गेली. 'पायएसपीएच'मध्ये अभ्यासक समीकरणे पायथनमध्ये लिहितो आणि वेगवान आज्ञावली प्रणालीच तयार करते. तिच्यावरील निबंध २०२१ मध्ये एसीएमच्या गणिती सॉफ्टवेअरविषयक नियतकालिकात आला. माझ्या मते मात्र प्रा. रामचंद्रन यांचे 'ऑटोमॅन' (२०१८) हे साधन अधिक मोलाचे होय. परीक्षकाने 'कणांची संख्या वाढवून पाहा' एवढेच सुचविले, तरी सगळ्या आकृत्या नव्याने काढाव्या लागतात. हाताने करताना एखादी जुनी आकृती नव्या मजकुराशेजारी राहून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑटोमॅनमुळे सर्व गणिते व आकृत्या एका आज्ञेने पुन्हा सिद्ध होतात. परीक्षकाची सूचना मानणे लेखकाला परवडू लागते.

तथापि प्रणाली चालविण्यास सी++ चा कंपायलर लागतो. मिरजोळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याला विंडोजच्या संगणकावर तो बसविणे हीच पहिली परीक्षा ठरावी. २०१६ मध्ये सुरू झालेले 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' नेमके येथूनच आरंभ करते. परीक्षकाने प्रणाली बसवावयाची, चाचण्या व माहितीपुस्तिका तपासावयाची, आणि ही सारी चर्चा उघडपणे करावयाची.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. पाण्याचा उभा स्तंभ पेटीत एकदम मोकळा सोडणे, अर्थात 'धरणफुटी', हे या पद्धतीच्या पडताळणीचे रूढ उदाहरण. आपल्या जिल्ह्यात २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण खरोखरच फुटले आणि माणसे वाहून गेली. उद्या कोणी अशा प्रणालीने धरणाखालील गावांचा पूरनकाशा काढला, तर केवळ निबंध वाचून दिलेली संमती पुरेल काय? पेटीतले पाणी बरोबर वाहिले म्हणून दरीतले तसेच वाहील, असे नाही.

महाविद्यालयीन नियतकालिकांनी, यात आपलेही आलेच, निबंधासोबत आज्ञावली मागवावी व ती एका परीक्षकाकडून चालवून घ्यावी. पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळेतही हे काम होऊ शकेल.